दगड कुठून मारायचा

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून या गावाला गाण्याशिवाय गोष्ट सांगता आलेली नाही, असं विश्रामबागेतल्या एका मामांचं ठाम मत आहे. मामा मिरजेच्या एमआयडीसीतून टर्नर म्हणून निवृत्त झाले. त्यांची भाची पुण्याला सिनेमा शिकून आली आणि सध्या ऊसतोड मजुरांवर एक लघुपट करते आहे. तिला मामांच्या फडातल्या ओळखी हव्यात, मामांना संध्याकाळी बघायला पिक्चर हवा. तिनं मुद्दाम ब्रिटिश पिक्चर लावले: कामगारांचे, खाणीच्या गावांतले, भाड्याच्या खोल्यांतले. त्याची फळं तिला भोगावी लागली. मी शेजारी. हे बोलणं एका बैठकीतलं नाही, मी ते जोडून घेतलं आहे, आणि जिथं राहवलं नाही तिथं मध्ये तोंडही घातलं आहे.

मामा : एक सांग, तुझ्या इंग्रजांच्या पिक्चरमध्ये ऊन कधी पडतं की नाही? नावं संपायच्या आत आभाळ भरून आलेलं. मग एकसारख्या विटांच्या घरांची रांग, मग धुराडी. मग एक माणूस गावाबाहेरच्या टेकडीवर चढणार आणि खाली गावाकडं बघत उभा राहणार. परवा मी तुझ्या मामीला म्हटलं, आता टेकडी येणार बघ. आली.

भाची : त्या टेकडीची थट्टा तिकडच्या समीक्षकांनीच केलीय, तुम्ही पहिले नाही. पण त्याआधी त्यांच्या पडद्यावर कामगार बहुतेक तोंडी लावण्यापुरताच असायचा. ट्रे घेऊन येणारा नोकर, नाहीतर गमतीचं बोलणारा टॅक्सीवाला. लिंडसे अँडरसन, कारेल राईझ, टोनी रिचर्डसन या मंडळींनी १९५६ पासून आधी छोटे माहितीपट दाखवले, 'फ्री सिनेमा' म्हणून. मग कॅमेरा उचलला आणि स्टुडिओबाहेर, नॉटिंगहॅमला, सॅलफर्डला नेला. खऱ्या गल्ल्या, खरी बोली, लोकांना माहीत नसलेले चेहरे.

मामा : त्या लेथवरच्या पोराचं मात्र मला पटलं हां. मशीनपुढं उभं राहायची ढब बरोबर आहे. आपल्याकडं हिरो कारखान्यात दाखवला की नुसत्या ठिणग्या, आणि गालाला काळं फासलेलं. लेथवरचा माणूस गालाला काळं लावून घेत नाही, त्याच्या बोटांच्या पेरात तेल बसतं, ते लग्नाच्या दिवशीसुद्धा निघत नाही. हा पोरगा पीसवर काम करतो, मनातल्या मनात आकडा चाललेला. जास्त पीस काढले तर रेट कमी करतील, कमी काढले तर पाकीट हलकं. हे ज्यानं लिहिलं त्यानं मशीन चालवलेलं आहे.

भाची : चालवलेलंच आहे. 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग', १९६० चा. कादंबरी ॲलन सिलिटोची, आणि तो नॉटिंगहॅमच्या रॅली सायकलच्या कारखान्यात कामाला होता. शूटिंगही तिथंच झालं.

मामा : रॅली! सासऱ्यानं रॅलीची सायकल दिली म्हणून गावभर सांगत फिरणारी माणसं बघितलीत मी. ती सायकल बनवणारा असा वैतागलेला असायचा होय? असो. पण माझं म्हणणं वेगळं आहे. जुन्या ग्रामीण पिक्चरला तुम्ही शिकलेली पोरं हसता. पाटील आला की वाईट असणार, फेटा उडाला की लावणी सुरू होणार. बरं, तुझ्या पिक्चरमध्ये काय होतं? बाप असला की गप्प, टीव्हीपुढं बसलेला. पोरगी असली की तिला दिवस जाणार. शेवट असा की शेवट झाला हेच कळू नये. आमचा साचा तो साचा, आणि तुमचा साचा म्हणजे वास्तव?

इथं मामांचं पारडं जड आहे, हे मी लिहून ठेवतो. वास्तववादी चित्रपटाचे संकेत तमाशाच्या गण-गवळणीइतकेच बांधलेले असतात. नवा चेहरा, हलका कॅमेरा, राखाडी आभाळ, अर्ध्यावर सुटलेलं वाक्य हे दिसलं की आपण मनानं 'हे खरं' असा शिक्का मारून मोकळे होतो. शिक्का दिग्दर्शकाला आयता मिळतो. भाचीनं मात्र हे नाकारलं नाही, आणि तिचं उत्तर मला अपेक्षित नव्हतं.

भाची : साचा आहेच. त्यातला वाईट भाग तुम्ही सांगितलाच नाहीत. या पिक्चरमधला पुरुष रागावलेला आणि देखणा, आणि बाई म्हणजे त्याला घर, हप्ते, पाळणा यात अडकवणारी. त्याच्या रागाला कॅमेरा मिळतो, तिच्या रागाला नाही. म्हणून मी तुम्हाला 'अ टेस्ट ऑफ हनी' दाखवला. ते नाटक शीला डेलनीनं १९५८ ला आणलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, सॅलफर्डचीच. तिथं आई आणि मुलगी एकमेकींना जे बोलतात ते कुठल्या टेकडीवरनं ऐकू येणारं नाही. पण साच्यात दोष आहे म्हणून साचा टाकायचा का? गाणं घातलं की बघणाऱ्याला मोकळं व्हायला वाट मिळते. डोळे पुसले, घरी गेला. मला ती वाट बंद ठेवायचीय.

मामा : वाट बंद! अगं, हरिपूर इथनं किती लांब आहे? देवलांचं गाव. 'शारदा' आलं १८९९ ला. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ, आणि त्याच्या गळ्यात बांधायला निघालेली पोरगी. पैशासाठी पोरीला विकणारा बाप, मध्ये दलाली खाणारा भद्रेश्वर. आणि सगळ्यात गाणी. बालविवाहाचा कायदा व्हायला १९२९ उजाडलं, त्याआधी तीस वर्षं बायका ती गाणी म्हणत होत्या. गाण्यानं वाट मोकळी झाली असती तर ते दुखणं एवढं लक्षात राहिलं असतं का?

भाची : बायका गाणी म्हणत होत्या, आणि लग्नंही लागत होती, मामा. बरं, तुम्ही इतिहास काढलात तर मीही काढते. तुम्हाला वाटतं बिनगाण्याचं, करड्या रंगाचं हे सगळं मी परक्या मुलखातून उचललंय. इंग्रजांची ती टेकडी यायच्या पस्तीस वर्षं आधी, १९२५ ला, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' केला. जमीन गेलेला शेतकरी शेवटी शहरात मजूर होतो, एवढीच गोष्ट. शेतकऱ्याचं काम शांतारामबापूंनी केलेलं. गोष्ट नारायण हरी आपट्यांची, म्हणजे आपल्या कोरेगावची. आणि त्याचा बोलपट १९३६ ला आला तेव्हा त्यातल्या एका दृश्यानं जे. बी. एच. वाडिया भारावून गेले होते. दृश्य काय? अंधारात एक झोपडं आणि कुत्र्याचं रडणं. वाडिया कोण? 'हंटरवाली' काढणारे!

मामा : चाबूकवाले वाडिया?

भाची : तेच. आणि १९३७ चं 'कुंकू'. तीही आपट्यांचीच कादंबरी, म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली तरणी मुलगी, म्हणजे तुमच्या 'शारदा'चाच प्रश्न. 'शारदा'त लग्न मोडतं, इथं ते लागून गेलंय. शांतारामांनी ठरवलं की पार्श्वसंगीत नाही. जो आवाज यायचा तो त्या घरातला, त्या रस्त्यावरचा पाहिजे. घड्याळाची टिकटिक आहे, कारण भिंतीवर घड्याळ आहे. शांता आपटे गाते तेव्हा शेजारी ग्रामोफोन फिरताना दिसतो. हा नियम मी तिथनं घेतला. लंडनहून नाही.

मामा : म्हणजे गाणं आहे.

भाची : आहे, पण त्याचं कारण चौकटीत दिसतं.

मामा : गाणं आहे, एवढंच मी ऐकलं.

या टप्प्यावर चहा आला आणि मामांनी आपलं सगळ्यात मोठं अस्त्र काढलं. ते त्यांच्यावरच उलटलं, तरी त्यांना अजून ते मान्य नाही.

मामा : बरं, 'दो आँखें बारह हाथ' घे. १९५७. गोष्ट गदिमांची, आणि ती कुठली? आपल्याच जिल्ह्यातली, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची. औंधच्या राजांनी १९३९ ला कैद्यांची उघडी वसाहत केली, भिंत नाही, बेड्या नाहीत. तो पोलंडचा इंजिनिअर होता ना, मॉरिस फ्रिडमन, त्याच्या डोक्यातली कल्पना. त्याच्यावर शांतारामांनी पिक्चर काढला, त्यात प्रार्थना आहे, खेळणी विकणारी संध्या आहे, बैलाची झुंज आहे. बर्लिनला बक्षीस मिळालं. सगळ्या देशाला कळलं की कैदी माणूस असतो. तुझ्या त्या खोकणाऱ्या इंग्रजांनी कुणाला काय कळवलं?

भाची : देशाला स्वतंत्रपूर हे नाव कळलं का?

मामा : नाव कशाला पाहिजे?

भाची : पुण्यात माझ्या वर्गात हा पिक्चर सगळ्यांनी बघितलेला होता. स्वतंत्रपूर एकालाही माहीत नव्हतं. प्रार्थना पाठ होती. तिथं खरे कैदी होते, त्यांची पिकं होती, त्यांच्या बायकापोरांचं काहीतरी होत असणार. त्याऐवजी सहा खुनी आणि एक संत जेलर उरला. बैलाशी झुंजताना शांतारामबापूंच्या डोळ्याला इजा झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे. कैद्यांचं काय झालं हे कुणी विचारलंच नाही. आणि तुम्ही विचारताय म्हणून सांगते, केन लोचनं १९६६ ला बीबीसीसाठी 'कॅथी कम होम' केला. घर जातं, मग नवरा-बायको वेगळे होतात, शेवटी सरकारी लोक आईच्या हातातनं पोरं ओढून नेतात. लाखो घरांत ते टीव्हीवर बघितलं गेलं. 'शेल्टर' नावाची बेघरांसाठीची संस्था त्याच महिन्याभरात सुरू होत होती, तिला या पिक्चरचा केवढा आधार झाला. त्यात प्रार्थना नव्हती.

मामा : मग तिकडं आता बेघर नाहीत?

भाची : आहेत. लोचनं पन्नास वर्षांनी, २०१६ ला, 'आय, डॅनियल ब्लेक' करून तेच परत सांगितलं. कानला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

मामा : पुरस्कार मिळायला मग काय, गरिबी आहेच.

हे मामा उगाच कुचकट बोलतात असं समजू नका. त्याच पिक्चरमधला फूड बँकेतला प्रसंग बघताना ते उठून आत गेले होते. दोन पोरांची आई, रांगेतनं आत आलेली, शेल्फवरचा डबा हातात येताच तिथंच उघडते आणि हातानं खायला लागते, मग स्वतःच्या लाजेनं मोडून पडते. संगीत नाही, कॅमेरा जरा लांबच. मामा आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत, हे मी पाहिलं आहे. पण वादात ते असं काही कबूल करतील, हे शक्य नाही.

मामा : मला खरा राग आला तो त्या ससाण्याच्या पिक्चरचा.

भाची : 'केस'चा? तुम्ही तर फुटबॉलला खो खो हसत होतात.

मामा : तो मास्तर भारी आहे. पोरांच्या मॅचमध्ये स्वतः बॉबी चार्लटन होऊन खेळतो, शिट्टीही स्वतःच मारतो, पेनल्टीही स्वतःलाच देतो. असले मास्तर आम्हालाही होते.

भाची : ब्रायन ग्लोव्हर. तो खरोखर मास्तरच होता, आणि कुस्ती करायचा.

मामा : पैलवान? तरीच. मांड बघ त्याची! आधी सांगायचंस ना. पण राग कशाचा ते ऐक. हेडमास्तर पोरांना छडी मारतो, त्यात ते बारकं पोरगं, ज्याचा काही दोष नाही, ते रडतं. तू नंतर मला सांगितलंस की ती छडी खरी होती. पोरांना कल्पना न देता खरंच मारलं. आता मला सांग, खरं रडू पाहिजे म्हणून पोराला खरा मार द्यायचा असेल तर नट कशाला असतो? देवलांच्या नाटकात शारदेचं काम करणाऱ्याला म्हाताऱ्याशी खरं लग्न लावायला लागलं नाही. आधी पोटभर हसवलंत, मग मारलंत. सोंग खोटं असतं म्हणून कुणाला लागत नाही. तुमचं खरं असतं म्हणून कुणाला तरी लागतंच.

भाची : (थोडं थांबून) ते चूक होतं. मी तसं करणार नाही.

मामा : तू नाही करणार. पण तुझी ती रीतच त्या वाटेनं जाते. फडातल्या बाईला तू म्हणणार, परत एकदा मोळी उचल, लाइट गेला.

भाची यावर बराच वेळ बोलली नाही. पण 'केस'चं नाव निघालं होतं, आणि त्याच्याशी तिचं जे नातं आहे ते तिला सोडवेना. मलाही वाटतं, सगळ्या वादातली खरी गोम इथंच आहे.

भाची : १९६९ चा 'केस' आणि २०१३ चा नागराज मंजुळेंचा 'फँड्री' एकापाठोपाठ एक बघा, मामा. तिकडं बार्न्सलीच्या खाणीच्या गावातला बिली, ससाण्याचं पिल्लू पाळतो. इकडं जब्या काळ्या चिमणीमागं रानोमाळ फिरतो, तिची राख शालूवर टाकली की ती आपली होईल म्हणून. दोघांनाही शाळा आहे, दोघांनाही वर्गात हसतात, घरची माणसंही दोघांच्या आड येतात. पण बिलीचा ससाणा हाताला येतो, उडतो, दोन घटका का होईना त्याला राजा करतो. जब्याला चिमणी मिळतच नाही. त्याला मिळतं डुक्कर. सगळ्या गावासमोर, शाळेतल्या पोरांसमोर, ते पकडायचं. आणि मध्येच राष्ट्रगीत सुरू होतं, तर बाप, बहिणी, तो, सगळे आहेत तिथं ताठ उभे राहतात, आणि डुक्कर समोरनं निघून जातं. पुढं ते बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन शाळेच्या भिंतीवरच्या फुले-आंबेडकरांच्या चित्रांपुढनं जातात. एकही अक्षर बोललेलं नाही.

मामा : ते मी थेटरात बघितलंय. माझ्या पुढच्या रांगेतली पोरं डुक्कर पळालं की हसत होती. पडद्यावरची पोरं हसत होती तशीच. मग शेवटी त्यानं दगड मारला आणि आमच्या तोंडावर अंधार. ती पोरं गप्प झाली.

भाची : आता तो नॉटिंगहॅमचा लेथवाला आठवा. त्याचाही शेवट दगडानंच आहे.

मामा : हो की! टेकडीवर पोरगी शेजारी, खाली नवीन घरांची कॉलनी. तो दगड मारतो, ती रागावते, मग दोघं उतरतात.

भाची : तो दगड टेकडीवरनं खाली जातो, लांबच्या घरांकडं. कुणाला लागत नाही. जब्याचा दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो, म्हणजे तुमच्यावर. माझ्या मते एवढाच फरक आहे, बाकी गाणं आहे का नाही हे नंतर.

हे तिचं मला सगळ्यात पटलेलं वाक्य. त्यात माझी भर एवढीच: टेकडीवरनं बघणारे राईझ केंब्रिजचे, अँडरसन आणि रिचर्डसन ऑक्सफर्डचे. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, पण ते वरून बघत होते. 'केस'ची मूळ कादंबरी लिहिणारा बॅरी हाइन्स खाणकामगाराचा मुलगा, बार्न्सलीजवळचाच, म्हणून तिथं टेकडी लागली नाही, मैदान आणि वर्ग पुरला. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. कॅमेरा कुठं ठेवायचा हे त्यांना कुठल्या पुस्तकात शोधावं लागलं नसणार. आणि मामांच्या बाजूनं सांगायचं तर याच माणसानं २०१६ ला 'सैराट' केला. अर्धा पिक्चर अजय-अतुलच्या वाद्यमेळावर नाचवला, आणि शेवटी सगळा आवाज काढून घेऊन रक्तानं माखलेली तान्ह्याची पावलं तेवढी दाखवली. ती शांतता आधीच्या गाण्यांमुळेच एवढी झोंबते. साच्याचा प्रश्न त्यांनी दोन्ही साचे वापरून निकालात काढला. असं सगळ्यांना जमतं असं नाही.

मामा : तुझ्याकडं टेकडी कुठाय पण? विश्रामबागेत तर नाही. दंडोबाच्या डोंगरावर चढशील?

भाची : नाही चढणार. फडातच आहे. फक्त एक अडचण आहे. रोज साउंडवाला वैतागतो.

मामा : कशानं?

भाची : ट्रॅक्टरनं. उसाची ट्रॉली भरायला ट्रॅक्टर येतो तो ढणाढणा गाणी लावूनच. बायका मोळ्या घेऊन फळीवर चढतायत, मी शॉट लावलाय, आणि मागं 'सैराट'. कट. परत लावला, दुसरा ट्रॅक्टर.

मामा : थांब थांब. फडात गाणं वाजतंय. खरोखर वाजतंय. आणि वास्तव दिसावं म्हणून तू ते गाळतीस?

भाची : हक्कांचे पैसे कोण देणार? आणि ते गाणं लागलं की बघणारा आर्ची-परश्याकडं गेलाच. माझ्या बाईकडं कोण बघणार?

मामा : तुझ्या 'कुंकू'चा नियम काय होता? ज्याचा आवाज, तो दिसला पाहिजे. ट्रॅक्टर दिसतोय की! मी सांगतो ड्रायव्हरला बंद ठेवायला, माझ्या ओळखीचा आहे. पण मग तो पिक्चर खोटा, हे तूच पाटीवर लिही.

भाची : नका सांगू बंद करायला. वाजू दे. लांबनं नुसता ठेका येईल, शब्द कळणार नाहीत असा माईक लावते.

मामा : म्हणजे निम्मं खरं.

भाची : मुकादम उचल देतो तेव्हा सगळं खरं सांगतो का? त्या बाया पहाटे तीनला उठतात, ट्रॅक्टर नऊला येतो. सहा तास तिथं कोयत्याशिवाय आवाज नाही, त्याचं काय? तुम्हाला तेवढा ट्रॅक्टरच ऐकू येतो.

मामा : पहाटे तीनला गेलीस कधी?

भाची : उद्या जाणार आहे. कॅमेरा ट्रॉलीच्या फळीच्या पायथ्याशी लावणार, म्हणजे बाई चढताना माझ्या अंगावरनं गेली पाहिजे.

मामा : फळीच्या पायथ्याशी उभी राहिलीस तर मोळी डोक्यात पडेल.

भाची : किती जड असते?

मामा : उचलून बघ की एक.